बिडाचा तवा आणि ट्रायप्लाय कढई: नऊ महिन्यांनंतर

दिवाळीच्या आधी नॉनस्टिकचा तिसरा पॅन भंगारात दिला. पाच वर्षांत तिसरा. धिरड्यात काळे कण दिसायला लागले तेव्हाच ठरवलं, आता पुरे. भांडी बाजारात गेले आणि दोनच वस्तू आणल्या: 10 इंची बिडाचा तवा आणि 24 सेंटिमीटरची ट्रायप्लाय कढई. दोन्ही मिळून साडेतीन हजार.

पहिल्याच आठवड्यात कढई परत द्यायला निघाले होते. पोहे असे चिकटले की कालथ्याने खरवडावे लागले. पण चूक कढईची नव्हती, नॉनस्टिकच्या सवयीने मी थंड कढईतच तेल ओतत होते. आता रिकामी कढई मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं तापवते आणि पाण्याचा थेंब टाकते. थेंब चरचरून आटला तर अजून थांबायचं. मोत्यासारखा घरंगळायला लागला की आच कमी करून तेल घालायचं. तेव्हापासून पोहे सुटसुटीत होतात, आणि पिठलं पूर्वीसारखं मधोमध बर्नरच्या गोलाएवढं करपत नाही. स्टीलच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, त्याने धग सगळीकडे सारखी पोचते. घेताना एवढं नक्की विचारा, हा थर काठापर्यंत आहे की नुसती बुडाला चकती लावलीय? आणि पाण्यात मीठ घालायचं ते उकळी आल्यावरच, थंड पाण्यात घातलं तर बुडाला बारीक खड्डे पडतात.

कढईचे कान मात्र चांगलेच तापतात. सांडशी नाहीतर फडकं हाताशी लागतंच.

तव्याला आधी तेल पाजावं लागलं. शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा, धूर निघेपर्यंत तापवायचं, गार करायचं, असं पाच वेळा. महिन्याभरात तवा काळाभोर झाला. थालीपिठाला मध्ये भोक पाडून चमचाभर तेल सोडलं की कडा कुरकुरीत होतात आणि थालीपीठ आपसूक सुटतं. आषाढात चार दिवस गावी गेलो, तवा ओलाच राहिला आणि लालसर गंज चढला. वाईट वाटलं, पण जाड मीठ आणि काथ्याने घासून पुन्हा तेल पाजलं, पहिल्यासारखा झाला. नॉनस्टिकचा थर एकदा गेला की गेला.

चिंचेची, आमसुलाची आमटी मी बिडात करत नाही, आंबटाने तेलाचा थर उतरतो. त्यासाठी सासूबाईंचं कल्हईचं पितळी पातेलं आहे. ते द्यायच्या आधी त्यांनी बजावलं होतं, "स्टील हवं तेवढं तापव, हे कधी रिकामं ठेवू नकोस गॅसवर." कल्हई म्हणजे कथील, आणि ते 232 अंशांनाच वितळतं.

सासूबाईंना बिडाचा तवा एका हाताने उचलत नाही. घरात मनगट दुखणारं कोणी असेल तर लोखंडी पत्र्याचा तवा घ्या. त्यालाही तेल असंच पाजायचं, आणि त्यावर भाकरी त्या स्वतः करतात.