नियुक्तीपत्रावरचा जावक क्रमांक

आरोग्य विद्यापीठांत किंवा वैद्यकीय संशोधन प्रकल्पांत नोकरी शोधणाऱ्यांनी सावध व्हावे, म्हणून माझी फसवणूक कशी झाली ते सविस्तर लिहीत आहे. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी दोन वर्षे एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. डिसेंबरमध्ये राज्यातील एका विद्यापीठाची ‘प्रकल्प तंत्रज्ञ’ पदाची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली. जाहिरात मुळात खरी होती. भामट्यांनी ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचलून फक्त अर्ज पाठवण्याचा पत्ता आणि मुलाखतीची पद्धत बदलली होती. त्यामुळे पद, पात्रता, मानधन सारे जुळले आणि तेवढ्यावर मी निर्धास्त झाले.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. समोरच्याचा कॅमेरा बंद होता, पण एलायझा या प्रयोगशाळेतील चाचणीत वॉशिंग (धुण्याची पायरी) नीट झाले नाही तर निकालावर काय परिणाम होतो, यासारखे नेमके प्रश्न विचारले गेले, आणि असे विचारणारा माणूस लबाड असेल ही शंका मनाला शिवलीही नाही. निवड झाल्याचे कळवून आधी नोंदणीचे २,५०० रुपये, मग वैद्यकीय तपासणी व चारित्र्य पडताळणीचे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ११,८००, शेवटी परत मिळणारी अनामत म्हणून २४,००० रुपये घेतले. प्रत्येक वेळी यूपीआयवर एका खासगी व्यक्तीचे नाव दिसत होते; ते लेखा विभागातील कर्मचाऱ्याचे आहे, असे मला सांगण्यात आले. अनामतीसाठी आईने भिशीचे पैसे काढून दिले. हे लिहिताना आजही हात थांबतो.

नियुक्तीपत्र घेऊन मी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात गेले. तेथील लिपिकांनी पत्र दोनदा वाचले, जावक क्रमांकावर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्राच्या नोंदणी क्रमांकावर, बोट ठेवले आणि म्हणाले, “ताई, आमची जावक नोंदवही एक जानेवारीला एकपासून सुरू होते. पाच जानेवारीच्या पत्राला चार हजारांचा क्रमांक कसा असेल?”

नियमित पदांच्या भरतीत शुल्क असते, पण ते अर्ज करतानाच आणि संस्थेच्या खात्यात भरायचे असते. निवड झाल्यावर कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. प्रकल्पावरील तात्पुरत्या पदांसाठी बहुधा थेट मुलाखत असते, तेव्हा स्वखर्चाने का होईना, समक्ष जावे. ईमेलचा पत्ता शेवटपर्यंत वाचावा. मला आलेल्या पत्त्यात शैक्षणिक संस्थांचे ‘एसी डॉट इन’ मध्येच घुसवलेले होते आणि शेवट मात्र ‘डॉट कॉम’ असा होता.

त्याच आवारातून मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. अनामत आदल्या संध्याकाळीच भरली असल्याने त्यातील ९,००० रुपये पुढच्या खात्यात गोठवता आले. आधीचे दोन्ही हप्ते तोवर काढून घेतलेले होते. गोठवलेली रक्कम न्यायालयाच्या आदेशानंतर मिळेल, असे पोलिसांनी सांगितले आहे. त्यासाठी न्यायालयात केलेल्या अर्जाची तारीख पुढील महिन्यात आहे.