फांद्या उतरवणारी झिपलाइन: पुण्यातील एका वृक्षछाटणी सेवेचा अनुभव

आमच्या सोसायटीतील पर्जन्यवृक्षाच्या फांद्या शेजारच्या कौलारू छपरावर झुकल्या होत्या, म्हणून महापालिकेची रीतसर परवानगी काढून आम्ही एका वृक्षछाटणी सेवेला काम दिले. झाडाखाली मोकळी जागा नसल्यामुळे त्यांनी झाडावरून पटांगणापर्यंत तिरका दोर ताणला आणि कापलेली प्रत्येक फांदी कप्पीला टांगून छपरावरून पलीकडे उतरवली. एकही कौल फुटले नाही. याचे श्रेय मी करवतीइतकेच दोराच्या खालच्या टोकाच्या बांधणीला देतो.

या टोकावर येणारा ताण फांदीच्या वजनाच्या कित्येक पट असू शकतो. दोराची दोन्ही टोके समान उंचीवर धरली आणि मध्ये लटकलेल्या भाराने प्रत्येक बाजूस 5 अंशांचाच बाक पडला, तर 50 किलोच्या फांदीमुळे दोरात 280 किलोहून अधिक ताण निर्माण होतो; बाक 30 अंशांचा असेल तर तो 50 किलोच राहतो. हिसका बसला की यात आणखी भर पडते. म्हणूनच त्यांनी फांदी कापताना दोर सैल ठेवला, ती स्थिरावल्यावरच ताणला आणि हे सारे बुंध्याशी बसवलेल्या घर्षण-नळीवर (वेढ्यांच्या घर्षणाने दोर आवरणाऱ्या नळीवर) दोराचे वेढे देऊन केले, हे मला फार आवडले.

दोराच्या खालच्या टोकाचा मुख्य आधार होता कडुलिंबाचा बुंधा. त्याला रुंद पट्टा अगदी जमिनीलगत गुंडाळला होता, त्यामुळे साल सोलली गेली नाही आणि झाडावर तरफेचा जोरही आला नाही. पटांगणाच्या दुसऱ्या बाजूला दोर बांधायला झाड नव्हते. तिथे त्यांनी भारापासून मागे कललेल्या लोखंडी पहारी एकामागे एक ठोकल्या आणि पुढच्या पहारीचे डोके मागचीच्या पायथ्याशी बांधले. कोरड्या, घट्ट मुरमात ही पद्धत उत्तम. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत मात्र मी पुरलेल्या ओंडक्याचाच आग्रह धरेन.

हलक्या फांद्यांसाठी टेम्पोच्या हुकाचा वापर झाला, तो मला पटला नाही. चाकांना अडणी लावली होती, पण किल्ली गाडीतच होती आणि चालक आत बसला होता. शिवाय त्यांनी अडथळ्याची फीत केवळ झाडाखाली बांधली. आधार उपटला तर पहार दोराच्या रेषेतच झेपावते, तेव्हा ती संपूर्ण रेषा दोन्ही बाजूंनी मोकळी हवी. पुढच्या छाटणीलाही मी यांनाच बोलावेन, मात्र या दोन अटी कामाच्या करारात लिहून घेईन.