टेनिसच्या पहिल्या सेटवरचे सौदे : काही महिन्यांच्या वापरानंतर

मी अमेरिकेत राहतो आणि सीएफटीसी या केंद्रीय नियामकाच्या देखरेखीखालचं प्रेडिक्शन मार्केटचं, म्हणजे एखादी घटना घडेल की नाही यावर सौदे करायचं, अ‍ॅप वापरतो. इथेही काही राज्यं खेळांवरच्या अशा काँट्रॅक्टविरुद्ध कोर्टात गेली आहेत. भारतात तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदीच आणली, तेव्हा पुण्या-नाशिकच्या मित्रांनी हे वाचून व्हीपीएनच्या फंदात पडू नये.

काँट्रॅक्ट सोपं आहे. ‘पहिला सेट अमुक जिंकेल’ हे खरं ठरलं तर एक डॉलर, नाहीतर शून्य. भाव ६२ सेंट म्हणजे बाजाराच्या मते शक्यता साधारण ६२ टक्के. निकाल लागायची वाट न बघता मध्येच विकताही येतं.

मला हा बाजार आवडला तो त्याच्या गणितासाठी. संपूर्ण सामन्याचा भाव ७० असेल तर पहिल्या सेटचाही तेवढाच असावा असं वाटतं, पण तसं नसतं. प्रत्येक सेट जिंकायची शक्यता सारखी धरली, तर तीन सेटच्या सामन्यात ७० मागे एका सेटची शक्यता ६४ येते आणि पाच सेटच्या सामन्यात ६१. लांब सामना सरस खेळाडूला सावरायला वेळ देतो, एकटा सेट देत नाही. २०२५ चीच उदाहरणं घ्या. फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात सिनरने पहिला सेट ६-४ घेतला आणि करंडक अल्काराझने नेला. विम्बल्डनला नेमकं उलट झालं, पहिला सेट अल्काराझचा ६-४ आणि विजेता सिनर. म्हणून ग्रँड स्लॅममध्ये, जिथे पुरुषांचे सामने पाच सेटचे असतात, नावाजलेल्या खेळाडूचा पहिला सेट सामन्याच्याच भावाला मिळत असेल, तर मी ‘यस’, म्हणजे ‘तो जिंकेल’ या बाजूचं काँट्रॅक्ट, घेत नाही.

सेट सुरू झाल्यावर सगळा खेळ सर्व्हिस ब्रेकचा, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकण्याचा. ४-३ अशी आघाडी दिसते, पण एकही ब्रेक झालेला नसेल तर ती आघाडी नव्हेच. भाव खरा उडतो तो ब्रेकला, आणि माझ्या मते बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त उडतो. त्या विम्बल्डन फायनलमध्ये सिनर ब्रेक घेऊन ४-२ पुढे होता, मग अल्काराझने सलग चार गेम घेतले. महिलांच्या सामन्यांत सर्व्हिस जास्त वेळा मोडते, तिथे एका ब्रेकची किंमत आणखी कमी. पॅरिसला, त्याच फ्रेंच ओपनच्या महिलांच्या अंतिम सामन्यात, सबालेन्का पहिल्या सेटमध्ये ४-१ पुढे होती. तो सेट तिने जिंकला खरा, पण गॉफने आधी तिला ६-६ नंतरच्या टायब्रेकपर्यंत खेचलं. गवतावर, मोठ्या सर्व्हिसवाल्या दोन पुरुषांमध्ये मात्र ब्रेकला मान द्यावाच लागतो.

आता त्रासाचं. टीव्हीवरचं चित्र मागे असतं. पॉइंट माझ्या पडद्यावर संपण्याआधीच भाव हललेला असतो, कारण कोर्टवरचा डेटा घेणारे लोक कित्येक सेकंद पुढे असतात. त्यामुळे पॉइंट बघून मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच सौदा, टाकण्यात अर्थ नाही. मी सामन्याआधी लिमिट ऑर्डर, म्हणजे मी ठरवलेल्या भावालाच होणारा सौदा, लावतो आणि सामना सुरू झाला की उरलेल्या ऑर्डर काढून घेतो. पडून राहिलेली जुनी ऑर्डर ब्रेकच्या क्षणी कुणीतरी उचलतोच, आणि तो सौदा आपल्या फायद्याचा नसतो.

फी जास्त खुपते. माझ्या अ‍ॅपवर लगेच होणाऱ्या सौद्याला एका काँट्रॅक्टमागे शक्यता गुणिले उरलेली शक्यता गुणिले सात टक्के, असं सूत्र आहे. म्हणजे ५० सेंटला फी सर्वात जास्त, १०० काँट्रॅक्टमागे १.७५ डॉलर. ९० सेंटला तीच ६३ सेंट. आणि पहिल्या सेटचा भाव बराच वेळ पन्नाशीच्याच आसपास घुटमळतो. ५० ला घेऊन तिथेच विकलं तर ५० डॉलरवर साडेतीन डॉलर जातात. निकालापर्यंत थांबलं तर फी एकदाच लागते, म्हणून मी आत-बाहेर करणं जवळपास सोडलंय. छोट्या स्पर्धांत खरेदी-विक्रीच्या भावात इतकी फट असते की तिकडे फिरकूच नये.

आणखी एक, नियमांचं पान आधी उघडा. पहिल्या सेटच्या मध्येच खेळाडूने दुखापतीमुळे माघार घेतली तर पैसे कसे वाटले जातील, हे प्रत्येक बाजार आपापलं ठरवतो. मांडीला पट्टी बांधून उतरलेला खेळाडू दिसला, तर मी ते पान वाचल्याशिवाय एक सेंटही लावत नाही.