दहा इंची ‘फुल टँग’ सुरा घेताय? आधी वजनाची ओळ वाचा

₹५,६७९. आकडा पुरा लिहितोय, कारण घरात ‘दीडेक हजार गेले’ एवढंच सांगून ठेवलंय. ₹४९९ बुकिंगचे यूपीआयने, ₹४,५०० पार्सल घेताना रोख, आणि बोंब मारल्यावर ‘बदलून देतो, पिकअपचे तेवढे भरा’ म्हणाले ते ₹६८०. हे शेवटचे ₹६८० सगळ्यात जास्त झोंबतात. तोवर माल खोटा आहे हे मला पुरतं कळलेलं होतं.

जाहिरात ठरलेल्या साच्याची. ओंडक्यात रुतवलेला काळा सुरा, ‘लष्करी माल, शेवटचे ७ नग’, ₹१२,९९९वर मारलेली काट. पातं १० इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, ६ मिमी जाड. पोलाद ‘१०९५’ या जातीचं. ‘फुल टँग’, म्हणजे पात्याचीच पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेली. आणि त्याच दमात ‘गंज चढणार नाही’.

१०९५ पोलादात साधारण १ टक्का कार्बन असतो, क्रोमियम जवळपास नसतंच. गंज आवरायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. ही दोन वाक्यं एका ओळीत आली की ओळ लिहिणारा एक तर अडाणी असतो, नाही तर चोर. मी अडाणी धरला. आमच्या बेळगावकडच्या कणकुंबी-चोर्ल्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात कोयता एका रात्रीत तांबडा होतो, त्यामुळे ‘गंज नाही’ हे शब्द गोड लागले, एवढंच.

पण खालची ओळ? ‘वजन ३९० ग्रॅम.’ ती मी वाचली होती. वाचून ‘वा, हलका आहे’ असं म्हणालोसुद्धा. पोलाद घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम भरतं. १० इंच म्हणजे २५.४ सेंमी, गुणिले ४.५, गुणिले ०.६, झाले साडेअडुसष्ट घन सेंमी. धारेकडे उतार काढल्यावर दोन तृतीयांश उरलं धरा, तरी नुसतं पातं साडेतीनशे ग्रॅमच्या वर जातं. मुठीतली पट्टी १२ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद धरली तर आणखी १७०. म्हणजे मुठीच्या फळ्या न लावताच ५२०-५३० ग्रॅम. मग ३९० आले कुठून? एक तर जाडी खोटी, नाही तर मुठीत पोलादच नाही. हिशेब दोन मिनिटांचा होता आणि मोबाइल हातात होता. त्याच मोबाइलवरून ₹४९९ पाठवले.

पेटी उघडल्यावर मात्र कुणीही फसला असता, हे मी अजूनही म्हणतो. काळा लेप एकसारखा, म्यान जाड, मुठीवर तीन रिवेटा, कडेने चांदीसारखी पट्टी. धार तर कागद चिरत होती. इथेच लोक खूश होतात. धार कुठल्याही लोखंडाला लागते. मऊ लोखंडाला लवकर लागते आणि लवकर जाते. पहिल्या दिवसाच्या धारेवरून पोलाद ओळखता येत नाही. चुंबकावरूनही नाही. सुऱ्यांचं स्वस्त स्टेनलेससुद्धा चुंबकाला चिकटतं, तेव्हा ‘चुंबक लागला, म्हणजे हाय कार्बन’ हे विक्रेत्याचं बोलणं कानाआड करा.

खरी परीक्षा घरातच होते. केळफूल चिरल्यावर विळी काळी पडते ना, तसंच. लेप नसलेल्या जागी, म्हणजे अगदी धारेवर, लिंबाची फोड पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कार्बन पोलाद करडं-काळं पडतं. माझं पातं ताटासारखं लखलखीत राहिलं.

मग कानस. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून बुडवून कठीण केलेल्या पात्यावर कानस घसरते, किरकिर आवाज येतो. इथे ती रुतली आणि चुरा पडला. तरी खात्री म्हणून बेळगावच्या उद्यमबागेत हीट ट्रीटमेंट करणाऱ्याकडे कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर ठेवून घेतलं: ४७. या जातीच्या मोठ्या सुऱ्याला ५५ ते ५८ हवं. कॅलिपरने मापलं तर जाडी ३.८ मिमी, लांबी पावणेनऊ इंच.

हे सगळं चालून गेलं असतं. मूठ चालणार नाही, कारण तिथे हात जातो. वाळक्या ऐनाचा मनगटाएवढा ढलपा फोडायला पातं टेकवून पाठीवर लाकडाने ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला मूठ हलली, पाचव्याला पातं तिरकं झालं. रिवेटा म्हणजे चिकटवलेल्या टोप्या. कडेची चांदी म्हणजे प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेली पत्र्याची पट्टी. आत पात्याला वेल्ड केलेली पेन्सिलीएवढी सळई, तीही जोडावर चिरलेली. ठोकण्याऐवजी हवेत फिरवून घाव घातला असता तर पातं सुटून कुणाच्या तरी मांडीत गेलं असतं. सुरा हातात आला की पहिलं काम: पात्याची पाठ जिथे मुठीत शिरते तिथे नखाने ओढून बघा. पट्टी सलग असेल तर नख अडत नाही. माझं अडलं होतं. वाटलं, लेपाचा थर असेल.

लोहाराला दाखवला तर त्याने हातात तोलला आणि म्हणाला, “ह्यो पाटा न्हवं, पत्रा हाय की.” ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता तो आठवडी बाजारात विकतो. दिसायला ओबडधोबड असतो, पण ठोकून बघायला देतो. विकत घेण्याआधी.

आता तक्रार. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला: ‘माल मिळालाय ना? मग हा ग्राहकाचा विषय.’ बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज नेला, तर “कन्नडदल्ली बरेदु कोडी”. लिहून घ्यायला बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने ₹१५० घेतले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी कन्नडमधला अर्ज वाचून साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो मलाच: एवढा मोठा सुरा कशाला? शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. अर्जात मी जाहिरातीप्रमाणे ‘१० इंच’ लिहिलेलं. टेबलावर पट्टी ठेवली गेली. पावणेनऊ. चोराने सव्वा इंच कमी दिला म्हणून मी आरोपी व्हायचा वाचलो, असली ही तऱ्हा! फिर्यादीलाच घाम फोडायचा, म्हणजे तो परत येत नाही.

पार्सलवरचा पत्ता महाराष्ट्रातला. म्हणून ‘तिकडे जा’. तिकडच्या ठाण्यात: ‘तुम्ही कर्नाटकातले, पैसे तिथून गेले, तिथेच द्या.’ सीमाभागातल्या माणसाला हा चेंडू नवा नाही. रेशनपासून दाखल्यापर्यंत तो झेलतच आलोय. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. हे कागदावर छापून नेलं, तर म्हणाले, ‘साहेब जेवायला गेलेत.’

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, विक्रेत्याच्या गावी खेपा नकोत. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. पण पुरावा लागतो. पेटी उघडतानाचा व्हिडिओ चिकटपट्टी कापण्याआधीपासून, न थांबवता काढा; माझा पट्टी कापल्यानंतर सुरू होतो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, वजनाच्या ओळीसकट. पार्सलवरची चिठ्ठी फाडू नका. ‘रिटर्न’साठी माल परत दिला की पुरावाच गेला, तेव्हा ₹६८०सारखे पैसे तर भरूच नका. माझ्याकडे सुरा उरला तो फक्त त्यांचा पिकअपवाला आलाच नाही म्हणून.

आणि खरा सुरा मिळाला तरी भीमगड अभयारण्यात खिशात घालून जाऊ नका. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ‘हत्यार’ या शब्दात सुराही येतो, लेखी परवानगीशिवाय चालत नाही.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने फिरतेय. किंमत ₹३,९९९ केली आहे, पोलाद ‘डी-२’ या दुसऱ्या जातीचं झालंय. वजनाची ओळ बदललेली नाही, ३९० ग्रॅमच आहे.