ऑगियस: सेडने कॉन्फिग फाइली बदलत असाल तर हे टूल बघाच

सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचा हात आपोआप सेड या मजकूर शोधून बदलणाऱ्या कमांडकडे जातो, ओळ शोधा, बदला, झालं. पण एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम, त्याच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जच्या फाइलीत) तीच ओळ कुठे कमेंट केलेली असते, कुठे दोनदा असते, कुठे नसतेच, मग रेगेक्स, म्हणजे शोधायचा पॅटर्न, वाढत जातो आणि शेवटी तो कोणाला वाचताही येत नाही. अशा कामाला ऑगियस हे कॉन्फिग फाइली बदलायचं टूल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

रेड हॅटमध्ये असताना डेव्हिड लुटरकॉर्टने हे सुरू केलं, सीमध्ये लिहिलंय, फुकट आणि ओपन सोर्स. डेबियन-उबुंटूवर ऑगियस-टूल्स नावाचं पॅकेज टाका, की ऑगटूल ही कमांड मिळते. ते फाइलीचं झाड करून देतं, म्हणजे होस्ट्स फाइलीतली (जिथे नावं आणि आयपी पत्ते जोडलेले असतात) प्रत्येक नोंद एक फांदी, तिच्याखाली आयपी, मुख्य नाव आणि अलियास वेगवेगळे. तुम्ही पाथ देऊन सेट म्हणायचं, मग सेव्ह. प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी एक लेन्स, म्हणजे त्या फाइलीच्या रचनेचं वर्णन, असते आणि ती दोन्ही बाजूंनी चालते, फाइलीतून झाड आणि झाडातून परत फाइल, त्यामुळे कमेंट्स, स्पेस, ओळींचा क्रम सगळं जागच्या जागी राहतं. तीच व्हॅल्यू परत सेट केली तर फाइलीला हातही लागत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट कितीदाही चालवा.

मला सगळ्यात आवडलं ते मॅच ब्लॉकचं, म्हणजे एसएसएचडी कॉन्फिगमधला ठरावीक युजर किंवा ग्रुपलाच लागू होणारा भाग. समजा फाइलीच्या शेवटी एसएफटीपी (फाइलींची देवाणघेवाण) वापरणाऱ्या ग्रुपसाठी मॅच ब्लॉक आहे आणि तुम्ही पासवर्ड लॉगिन बंद करायची ओळ सेडने तळाशी चिकटवली. ती ओळ त्या ब्लॉकमध्येच जाते, म्हणजे बंदी फक्त त्या ग्रुपला, बाकी सगळ्यांना पासवर्ड चालूच, आणि एसएसएचडी एका शब्दाने तक्रार करत नाही कारण सिंटॅक्स बरोबर आहे ना! ऑगियसमध्ये हीच ओळ मॅचनंतर टाकायला गेलात तर सेव्हच होत नाही, जुनी फाइल जशीच्या तशी राहते. एरर्स कमांडने कारण बघायचं, मग इन्सर्टने पहिल्या मॅचच्या आधी जागा करायची आणि तिथे व्हॅल्यू सेट करायची. नवीन माणूस इथे वैतागतो, पण सर्व्हर उघडा राहण्यापेक्षा हे वैतागणं कितीतरी बरं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पाथची भाषा एक्सपाथसारखी (एक्सएमएलमध्ये नोंदी शोधायची भाषा) आहे, ती शिकावी लागते, त्याला पर्याय नाही. सुरू होताना ते सगळ्या लेन्स आणि फाइली लोड करतं म्हणून एका ओळीसाठी उगाच वेळ जातो, ऑटोलोड बंद करून फक्त हवी ती लेन्स दिली की काम पटकन होतं. लेन्सला फाइलीतली एक ओळ जरी कळली नाही तरी ती अख्खी फाइल झाडात येत नाही. यामल या फॉरमॅटमधल्या कॉन्फिग फाइली वापरणाऱ्यांनी तर याच्या नादी लागूच नये. आणि जिथे ड्रॉप-इन फोल्डर (ज्यातल्या जादा फाइली प्रोग्रॅम आपोआप वाचतो) मिळतं तिथे सरळ आपली छोटी वेगळी फाइल टाका, सोपं पडतं. पपेट हे सर्व्हरची सेटिंग्ज सांभाळणारं टूल वापरणाऱ्यांना मात्र ऑगियस नावाचा रिसोर्स टाइपच मिळतो, त्यांनी नक्की घ्यावं.

पहिल्यांदा करताना ऑगटूलला मायनस एन लावा, बदल ऑगन्यू एक्स्टेन्शनच्या वेगळ्या फाइलीत जातो, मूळ फाइलीशी डिफ करून, म्हणजे फरक काढून, बघता येतं. एक लक्षात ठेवा, लेन्स फक्त रचना तपासते, अर्थ नाही, ‘नो’ या व्हॅल्यूच्या जागी काहीतरी भलतंच लिहिलंत तरी ती घेईल. म्हणून सेव्ह झाल्यावर एसएसएचडी मायनस टी ही कॉन्फिग तपासणारी कमांड चालवायची आणि मगच रीलोड.