तात्पुरता अँकर पट्टा निवडताना : कापडी, तारेचा की काँक्रीटमध्ये पुरायचा?

साइटवर हार्नेसला सगळेच ‘बेल्ट’ म्हणतात, आणि बेल्ट विकत घेऊन कामगारांच्या अंगावर चढवला की उंचीवरच्या कामाची व्यवस्था झाली, असे ठेकेदारापासून मुकादमापर्यंत बहुतेकांना वाटते. त्या बेल्टाचा हूक नेमका कशाला अडकवायचा, हा प्रश्न त्यानंतर येतो आणि त्याचे उत्तर बहुधा जो तो कामगार आपापल्या परीने शोधतो. कोणी तो परांचीच्या आडव्या पाइपाला अडकवतो, कोणी कॉलमच्या उघड्या सळईला, तर कोणी लॅनयार्डाचा, म्हणजे बेल्ट आणि हूक यांना जोडणाऱ्या दोराचा, वळसा घालून हूक त्याच दोरावर परत लावतो, जे हूक आणि दोर तशा वापरासाठी खास बनवलेले नसतील तर चालत नाही. हा अंदाजपंचे कारभार थांबवण्यासाठी तात्पुरता अँकर पट्टा, म्हणजे हूक अडकवण्यासाठी भक्कम आधाराला लावायचा पट्टा, असतो. गोव्यात पर्वरी, चिखली किंवा मडगावच्या आसपास चार-पाच मजली इमारत उभारणाऱ्या लहान आणि मध्यम ठेकेदाराने त्यातला कोणता घ्यावा, याचा विचार पुढे केला आहे.

निवड तीन प्रकारांमधून करायची असते. पहिला कापडी पट्टा पॉलिस्टरच्या विणीचा असून त्याच्या एका टोकाला मोठी व दुसऱ्या टोकाला लहान डी-रिंग असते. तो आधाराभोवती गुंडाळून लहान रिंग मोठ्या रिंगेतून ओढून घेतात आणि लॅनयार्ड लहान रिंगेला लावतात. दुसरा तारेचा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड वायर रोपचा स्लिंग असतो. त्याची दोन्ही टोके थिंबल (फासाच्या आत बसवायची धातूची खोबण) घालून दाबलेली असतात आणि बहुधा त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते. तिसरा पट्टाही कापडीच असतो, पण त्याचा फास काँक्रीट ओतण्यापूर्वी लोखंडाच्या सळयांत अडकवतात, रिंग असलेले टोक शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) बाहेर लोंबते ठेवतात आणि त्या ठिकाणचे काम संपले की ते कापून टाकतात.

लेबलावरच्या ताकदीच्या आकड्यावरून निवड करू नये, असे माझे मत आहे. युरोपच्या ईएन ७९५ या मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे अशा हलवता येणाऱ्या अँकरने, तो धातूचा असल्यास, १२ किलोन्यूटनचा ताण सोसला पाहिजे. कापडी भाग असलेल्या अँकरासाठी, त्याच्या टिकाऊपणाचा वेगळा पुरावा नसेल तर, हीच अपेक्षा १८ किलोन्यूटनची आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमात एका माणसामागे ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २२ किलोन्यूटन, हा आकडा आहे. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोंचे वजन, त्यामुळे मानकाला उतरलेला पट्टा, मग तो कापडी असो वा तारेचा, एका पडत्या माणसाला सावरण्याइतका भक्कम असतोच. पट्टा धोका देतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी : तो कोपऱ्यावर कापला जातो, आधारावरून सुटून वर निघतो, किंवा इतका खाली बांधलेला असतो की माणूस सावरला जाण्याआधीच जमिनीला लागतो. म्हणून तुलना करायची ती या तीन गोष्टींवरून, आणि आपल्या इमारतीत पट्टा गुंडाळायला नेमके काय उपलब्ध आहे यावरून.

इथेच गोव्यातल्या बांधकामाची खरी अडचण समोर येते. गुंडाळायचा पट्टा ही कल्पना लोखंडी सांगाड्यावर छान चालते, कारण तिथे बीम चारही बाजूंनी मोकळी असते. आपल्याकडच्या आरसीसी इमारतीत बीम आणि स्लॅब एकसंध ओतलेले असल्यामुळे ओतकाम झाल्यावर बीमभोवती पट्टा घालायला जागाच उरत नाही. शिल्लक राहतात ते कॉलम. स्लॅबच्या काठावर काम करणाऱ्याला तर तेही नसतात, कारण त्याच्या पातळीवर पुढच्या मजल्याच्या कॉलमच्या जागी सळयांचा उघडा जुडगा वर आलेला असतो. त्या जुडग्याभोवती घातलेला पट्टा गुडघ्याच्या उंचीवर बसतो आणि वरून ओढ लागली की मोकळ्या टोकांवरून निघू शकतो. पर्वरीला एका इमारतीच्या तिसऱ्या स्लॅबवर मी असा एक नवाकोरा पट्टा सळयांवरून हाताने, फार जोर न लावता, वर काढून दाखवला होता. ज्या सेंटरिंगवाल्याने तो सकाळपासून वापरला होता तो बराच वेळ हातातल्या पट्ट्याकडे पाहत उभा राहिला आणि मग ‘लेबलावर तर बावीस लिहिलंय’ एवढेच म्हणाला.

कॉलम पूर्ण झालेला असेल, तर कापडी पट्ट्यासारखी सोयीची वस्तू नाही. तो हलका असतो, हाताला टोचत नाही, खिळे-पक्कड न लागता मिनिटाभरात बसतो आणि दुसऱ्या कॉलमवर नेता येतो. घेताना लांबी मात्र हिशेब करून घ्यावी. आपल्याकडच्या २३० बाय ४५० मिलिमीटरच्या कॉलमचा घेर १.३६ मीटर भरतो, म्हणजे १.२ मीटरचा पट्टा त्याला पुरत नाही आणि १.८ मीटरचा घ्यावा लागतो. ३०० बाय ६०० च्या कॉलमचा घेर बरोबर १.८ मीटर असल्यामुळे तिथे त्याहून लांब पट्टा लागतो. पट्टा जेमतेम पुरत असताना दोन्ही रिंगा ओढून एकाच कॅराबिनरमध्ये (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीत) बसवण्याची युक्ती कामगार हमखास करतात, आणि ती वाईट आहे. दोन्ही बाजूंमधला कोन १२० अंशांवर गेला की प्रत्येक बाजूवर निम्म्याऐवजी पूर्ण भार येतो, शिवाय कॅराबिनर आडवा ओढला जातो, ज्या दिशेने तो सर्वांत दुबळा असतो.

कापडी पट्ट्याचे दोन शत्रू साइटवरच असतात. एक म्हणजे नुकत्याच शटरिंग काढलेल्या कॉलमचे धारदार कोपरे आणि प्लायच्या सांध्यातून निघालेल्या सिमेंटच्या पातळ कडा. दुसरा म्हणजे सिमेंट स्वतः. ओले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि तीव्र अल्कली पॉलिस्टरला हळूहळू खाते. नायलॉनला अल्कलीचा त्रास कमी, पण आम्लाचा जास्त, आणि भिजल्यावर त्याची ताकदही काही प्रमाणात उतरते. म्हणून पावसाळ्यात चार महिने ओलसर राहणाऱ्या गोव्यात गुंडाळायचा पट्टा पॉलिस्टरचाच घ्यावा, मात्र त्याच्यावर सांडलेली स्लरी त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन पट्टा सावलीत वाळवावा. एकदा मी जुना पट्टा हातात घेऊन शिवणीजवळ वाकवला, तर टाक्यांच्या मधून राखाडी पूड झरझर खाली पडली आणि वाळल्या सिमेंटने घासून दोन टाके तुटलेले दिसले. वरून पाहता तो पट्टा ठीकठाक वाटत होता. कोपऱ्यासाठी सरकती जाड बाही असलेला पट्टा पसंत करावा, कारण ती सरकवून आतले कापड तपासता येते. कायमची शिवलेली बाही आतली जखम झाकून ठेवते.

तारेच्या स्लिंगला कोपऱ्याची भीती बरीच कमी असते आणि ठिणगीची तर जवळजवळ नसते. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे वेल्डिंग किंवा गॅस कटिंगच्या आसपास कापडी पट्टा वापरणे म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणे होय. वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी ट्रसच्या शेडचे काम असेल, तर मी विचार न करता तारेचा स्लिंग घेईन. मात्र तो ट्रसच्या मुख्य अंगाला घालावा. पातळ पत्रा वाकवून केलेल्या पर्लिनला, म्हणजे छताचे पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्टीला, घालू नये, कारण असा झटका सोसण्यासाठी ती नसते. समुद्राजवळच्या जागेत तारेचा स्लिंग मला तितकासा आवडत नाही. वास्कोच्या बाजूला खाऱ्या हवेत जस्ताचा थर लवकर पांढरा पडतो आणि त्यानंतर गंज तारांच्या आत, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली वाढतो, जिथे तो दिसत नाही. टोकाशी आवरणाखालून तपकिरी ओघळ दिसला, एकही तार तुटून बाहेर आलेली असली, किंवा दोराला कायमची मुरड पडली असली, तर तो स्लिंग बाद समजावा. तारेतून वीज वाहते ही गोष्टही ध्यानात असावी, कारण गल्लीतल्या अनेक इमारतींच्या शेजारून विजेच्या उघड्या तारा गेलेल्या असतात. गुळगुळीत कॉलमवर तारेचा वेढा कापडासारखा धरून राहत नाही आणि भार नसताना घसरून पायाशी येतो.

पायाशी आलेला अँकर म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिलेले बरे. लॅनयार्ड १.८ मीटरचा आहे आणि पाठीवरची रिंग तळव्यापासून दीड मीटरवर आहे असे धरू. अँकर पायाशी असेल, तर माणूस सावरला जाण्यापूर्वी ३.३ मीटर मोकळा पडतो, आणि बाजारातले अनेक शॉक अब्सॉर्बर (उलगडत जाऊन झटका शोषणारा लॅनयार्डाचा भाग) १.८ मीटरच्या मोकळ्या पडण्यापुरतेच असतात. तोच पट्टा कॉलमवर दोन मीटर उंचीवर बसवला, तर मोकळे पडणे १.३ मीटरवर येते. त्यानंतर अब्सॉर्बर उलगडून १.२ मीटरपर्यंत लांबतो, म्हणून अँकरपासून खाली लॅनयार्डाचे १.८, अब्सॉर्बरचे १.२, माणसाचे दीड आणि राखीव एक असे साडेपाच मीटर मोकळे हवेत. अँकर डोक्याच्या वर, तळव्यापासून दोन मीटरला असेल, तरी पायाखाली साडेतीन मीटर उरले पाहिजेत. आपला मजला साधारण तीन मीटरचा असतो. याचा अर्थ पहिल्या स्लॅबवर काम करणाऱ्याला या तिन्हींपैकी कोणताही पट्टा नेहमीच्या लॅनयार्डासह खात्रीने वाचवू शकत नाही. तिथे काठाला भक्कम कठडा हवा, किंवा काठापर्यंत पोहोचूच देणार नाही इतका आखूड दोर हवा.

पुरायच्या पट्ट्याचे महत्त्व याच हिशेबातून कळते. तो स्लॅबच्या काठच्या बीममध्ये वरच्या मुख्य सळईला फास घालून ओतला आणि रिंग शटरिंगच्या बाहेर खाली सोडली, की खालच्या मजल्यावर काठाशी उभे राहून ब्लॉकची भिंत बांधणाऱ्या किंवा बाहेरचा गिलावा करणाऱ्या माणसाला डोक्यावर अँकर मिळतो. कॉलम जिथे सोयीच्या जागी नाहीत, तिथेही तो हव्या त्या अंतरावर ठेवता येतो. उभ्या रेषेपासून सुमारे तीस अंशांपेक्षा जास्त बाजूला जाऊन काम केले, तर पडणारा माणूस झोपाळ्यासारखा झोके घेत भिंतीवर आपटतो, म्हणून मी दर तीन मीटरला एक पट्टा धरतो. साठ मीटर परिघाच्या स्लॅबला वीस पट्टे लागतात आणि ते सगळे एकदाच वापरायचे असतात, हे ऐकले की मालकाचे तोंड वाकडे होते. खर्चाच्या दृष्टीने हा प्रकार खरोखरच महाग पडतो, आणि त्याला पूर्वतयारीही लागते : ओतकामाच्या आदल्या दिवशी पट्टे सळयांत घातलेले, त्यांची टोके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आणि जागा नकाशावर खुणा केलेल्या असाव्या लागतात. काँक्रीटने उत्पादकाने सांगितलेली ताकद गाठेपर्यंत त्यांना कोणीही हूक लावू नये. एम २५ प्रतीच्या काँक्रीटमध्ये सात दिवसांनी अंतिम ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशच ताकद आलेली असते. शटरिंग काढणारा सुतार अडचण होते म्हणून लोंबते पट्टे कोयत्याने छाटतो, हाही अनुभव एकदा घेऊन झाला आहे, तेव्हा त्याला आधी बोलावून सांगावे.

जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंतीला, किंवा तिच्यातल्या खिडकीच्या मोकळ्या जागेतून फिरवून, यांपैकी कोणताही पट्टा बांधू नये. मे महिन्यात जुन्या घरांच्या शाकारणीला कौलांवर चढणारे आढ्याभोवती पट्टा घालण्याविषयी विचारतात. आढे जाड आणि वाळवीमुक्त असल्याची खात्री सुताराने आतून ठोकून दिल्याशिवाय मी तसे सुचवत नाही.

चार मजली आरसीसी इमारत घेतलेल्या ठेकेदाराला माझा सल्ला असा की, उंचीवर एका वेळी जितकी माणसे असतील तितके १.८ मीटरचे, सरकती बाही असलेले पॉलिस्टर पट्टे आणि वर दोन-तीन राखीव घ्यावेत. दुसऱ्या स्लॅबपासून पुढे बाहेरच्या बाजूने, निदान रस्त्याकडच्या आणि कॉलम विरळ असलेल्या बाजूंनी, पुरायचे पट्टे टाकावेत. तारेचे स्लिंग लिफ्टच्या लोखंडी कामासाठी किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडसाठी दोन पुरतात आणि ते सिमेंटच्या गोदामात न ठेवता ऑफिसात खुंटीला टांगावेत. पैसे कमी असतील तर तारेचे स्लिंग वगळावेत, पुरायचे पट्टे मात्र वगळू नयेत. कोणताही पट्टा एका वेळी एकाच माणसासाठी वापरावा, त्याला गाठ मारू नये आणि एकदा पडणे झेलले की तो बाद करावा. लेबल वाचता येत नसेल, तर तो पट्टा किती जुना आणि कशासाठी होता हेच कळत नाही, म्हणून असा पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नये. रोज वापरणाऱ्याने वापरण्यापूर्वी आणि जाणकाराने वर्षातून निदान एकदा तपासणी करून ती लिहून ठेवावी. गोव्यात ही वार्षिक तपासणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात ठेवणे सोयीचे जाते.

पुरलेले पट्टे काम संपताच काँक्रीटच्या अगदी लगत कापावेत. हातभर टोक लोंबत राहिले, तर पुढच्या वर्षी येणारा रंगारी उन्हाने विरलेल्या त्याच टोकाला आपला झुला बांधतो.