घरातला 'घूं' आवाज शोधायला आला आणि 51,990 रुपये घेऊन गेला

हे लिहायला तीन महिने गेले, कारण लाज वाटत होती. पण परवा आमच्याच सोसायटीतल्या बी विंगच्या एका बाईंनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे तो आवाज शोधणारा आला होता ना, त्याचा नंबर देता का?" माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आता सगळं सांगतो, रकमांसकट.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. इमारत सात मजली, आमचा फ्लॅट सातव्यावर. घरात मी आणि ही, दोघंच. मुलगा बंगळूरला. दिवाळी झाली आणि हिला रात्री आवाज यायला लागला. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा. चार-पाच मिनिटं घुमायचा, थांबायचा, आणि डोळा लागतो न लागतो तोच परत सुरू. ही म्हणायची, कानातून नाही, उशीतून येतो. मला आधी काहीच ऐकू येत नव्हतं. फ्रिज बंद करून पाहिला, इन्व्हर्टर बंद केला, वायफायचा डबा काढून ठेवला. सेक्रेटरींना विचारलं, तर "गच्चीवरचा पंप रात्री बंद असतो" म्हणाले आणि विषय संपवला. कानाच्या डॉक्टरांकडे 1,200 रुपयांची तपासणी झाली, तिथे 'कर्णनाद असेल', म्हणजे कानातच वाजल्याचा भास, म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मुलगा फोनवर म्हणाला, आई टेन्शन घेते. आणि एकदा रात्री अडीच वाजता मीही चिडून बोललो, की सगळं तुझ्या डोक्यात आहे. त्यानंतर ती आवाजाबद्दल बोलायचीच बंद झाली. नुसती उठून हॉलमध्ये जाऊन बसायची.

अशा घरात तो माणूस आला. मोबाइलवर शोधताना त्याची जाहिरात सापडली होती. व्हिजिटचे 1,500 आधी भरून घेतले. आल्यावर त्याने कशालाही हात लावला नाही. बेडरूममध्ये वीस मिनिटं शांत बसला, भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, "काकू, तुम्हाला येतोय तो आवाज खरा आहे. मलाही येतोय."

ही रडायलाच लागली.

जे कोणी आता म्हणतात ना, 'तुम्ही बँकेत 31 वर्षं काढलेली माणसं, तुम्ही कसे फसलात', त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. दीड महिना न झोपलेल्या बायकोला पहिल्यांदाच कुणीतरी खरं मानत होतं. डॉक्टरांनी मानलं नाही, मुलाने मानलं नाही, मी मानलं नाही. त्या वाक्यानंतर त्याने काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं. ही माणसं दुखणं आधी हेरतात, पेटी नंतर काढतात.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. त्याने मला घरचा इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद करायला सांगितला. मी केला. पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळा अंधार. मी पॅसेजमध्ये टॉर्च धरून उभा. आणि ही बेडरूममधून म्हणाली, "अहो, येतोच आहे की आवाज." मलाही त्या शांततेत पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. घूं... घूं... अख्ख्या घराची वीज बंद, आणि आवाज चालूच! म्हणजे तो आमच्या विजेचा नव्हताच. शाळेतल्या पोरालाही कळावं. मी विचारलंसुद्धा, "मेन बंद आहे, मग हा कुठून?" तो क्षणभरही अडखळला नाही. "काका, मेन बंद केला तरी न्यूट्रल जिवंत असतो. बिल्डिंगच्या अर्थिंगमधून रिटर्न येतोय." आमचा मेन स्विच डबल पोल आहे. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी, दोन्ही वायर तोडतो. हे मला नंतर कळलं. पण प्रश्न बरोबर पडला होता, आणि त्याचं उत्तर मी गिळलं. त्या जागी त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं.

दुसरी खूणही डोळ्यांसमोर होती. भिंतीला वायरचा माइक लावून त्याने मोबाइलवर रंगीत आलेख दाखवला, त्यात एक उंच सुळका. "हा बघा, मेनचा हम, म्हणजे विजेची घरघर." मी त्याचा फोटो काढून ठेवला होता. सुळका 48 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48 कंपनांवर आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, आणि देशाची ग्रिड (वीजजाळं) 49.90 ते 50.05 च्या आत ठेवायचा नियम आहे. ती 48 वर घसरली तर भागच्या भाग अंधारात जातील. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे ना, म्हणून." व्होल्टेज कमी झालं म्हणून घरापुरती फ्रीक्वेन्सी बदलत नाही. मोबाइलवर आलेख दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात, त्यावरून कुणालाही तज्ज्ञ मानू नका.

मग त्याने 'हम फिल्टर' नावाची काळी पेटी काढली, 24,000 रुपये. 'अर्थिंग दुरुस्ती' 11,500. त्यावर 18 टक्के जीएसटी 6,390. एकूण 41,890. डीबीमधली (घरातल्या मुख्य स्विचबोर्डातली) फूटभर हिरवी वायर बदलली, पेटी प्लगला लावली, तीन निळे दिवे लागले, आणि दोन मिनिटांत आवाज थांबला. "बघा काकू!" मी तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवले. खात्यावरचं नाव त्याच्या कार्डावरच्या नावाशी जुळत नव्हतं, ते मी पाहिलं. 'भावाचं खातं आहे' म्हणाला. बिलावर जीएसटी लावला होता पण जीएसटी क्रमांकच नव्हता. तो 15 अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. आयुष्यभर लोकांची व्हाउचर तपासली, आणि हे बिल मी घडी घालून खिशात ठेवलं.

आवाज मुळात थांबून-थांबूनच यायचा. पेटी लावली तेव्हा तो थांबायची वेळ झाली होती, एवढंच. त्या रात्री आम्ही झोपलो, की झोपलो असं मानलं, देव जाणे. चौथ्या रात्री ही परत हॉलमध्ये. त्याला बोलावलं, तर 'लोड जास्त आहे, बूस्टर लागेल' म्हणून आणखी 8,600 घेतले. त्यानंतर फोन बंद.

खरं कारण आमच्या नेहमीच्या प्लंबरने शोधलं. रात्री अकराला आला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेडरूममागच्या डक्टमधल्या पाइपला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मग माझ्याही कानामागे लावली. पंप माझ्या कवटीत चालू असावा असा आवाज आला. दिवाळीआधी सोसायटीने वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप बसवला होता, बरोबर आमच्या डोक्यावर, स्लॅबवर थेट बोल्ट मारून, खाली रबर नाही. पाइपचे क्लॅम्प थेट भिंतीत, आणि त्याच भिंतीला आमच्या पलंगाचं डोकं टेकलेलं. सहाव्या मजल्यावर एक फ्लश गळत होता, त्यामुळे लाइनचं प्रेशर उतरायचं आणि पंप रात्रभर आपोआप चालू-बंद व्हायचा. 'रात्री बंद असतो' म्हणणाऱ्यांनी एकदाही वर जाऊन पाहिलं नव्हतं. पंपाच्या पाटीवर लिहिलंय, 2880 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 2880 फेरे. भागिले 60 केलं की 48. तो सुळका हाच.

रबरी पॅड, पाइपचा लवचिक तुकडा, रबरवाले क्लॅम्प आणि फ्लशचा वॉशर, सगळं मिळून 2,330 रुपये. आवाज गेला. काळी पेटी इलेक्ट्रिशियनकडून उघडून घेतली. आत एक कपॅसिटर, तीन एलईडी, आणि वजनासाठी सिमेंटचा गोळा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत सांगितलं, "माल दिलाय ना तुम्हाला? मग हे दिवाणी." मी म्हटलं, पेटीत सिमेंट आहे हो! "कंपनीशी बोला." कंपनी कुठे आहे, कार्डावर फक्त मोबाइल नंबर! तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, ओटीपी चोरला नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चौकीत जा. चौकीतले साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशीही बंदोबस्ताला. बँकेत, ज्या बँकेत मी 31 वर्षं काढली तिथे, समोरच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, हे विचारलं तर 'गोपनीय'. माझे पैसे घेणाऱ्याचं नाव गोपनीय, आणि मी मात्र चार ठिकाणी आधार कार्डाची झेरॉक्स देत फिरतोय. एका टेबलावर तर एक जण हसला, "आवाजासाठी पन्नास हजार?" ही शेजारी उभी होती. ते हसणं मी विसरणार नाही.

तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून आलात तर तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, ते अर्जात लिहा, आणि गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टने पाठवा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, मी अकरा दिवस घालवले. ग्राहकांसाठी 1915 ही हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षं, पण समोरच्याचा पत्ता लागतो. म्हणून घरात घेण्याआधी पत्ता आणि ओळखपत्राचा फोटो घ्या, राग आला तर येऊ दे.

आणि घरात कुणी रात्री आवाज येतो म्हणालं तर आधी इन्व्हर्टर आणि मेन स्विच बंद करा. तरीही आला तर आवाज बाहेरचा असू शकतो, मग पाइप, पंप, लिफ्ट, शेजारची भिंत, यांना कान लावा. म्हणणाऱ्याला वेडं ठरवू नका.

माझा अर्ज सध्या तिसऱ्या टेबलावर आहे. सोमवारी परत बोलावलंय. पेटी आणि तो सिमेंटचा गोळा पिशवीत भरून ठेवलाय, सोबत 48 चा फोटो. हीसुद्धा येते म्हणाली.